एका प्रश्नाला ८९ सेकंद

४० मिनिटं, २७ प्रश्न. भागाकार केला तर एका प्रश्नाला जेमतेम ८९ सेकंद मिळतात. केंब्रिज विद्यापीठ आणि लंडनचं इम्पीरियल कॉलेज यांनी २०२४ पासून अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या प्रवेशासाठी जी सामाईक चाचणी लावली, तिच्या एका भागाचं हे गणित. तिचं नाव ईसॅट. केंब्रिजला अभियांत्रिकीसाठी गणित १, गणित २ आणि भौतिकशास्त्र असे तीन भाग द्यावे लागतात, म्हणजे दोन तासांत ८१ प्रश्न. कॅल्क्युलेटर नाही.

नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर क्लास लावलेल्या मुलाला हे आकडे ऐकून घाम फुटायचं कारण नाही. जेईई मेनमध्ये १८० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला १४४ सेकंद. जेईई अॅडव्हान्स्डच्या २०२४ च्या प्रत्येक पेपरात ५१ प्रश्न होते, म्हणजे सुमारे २१२ सेकंद. अमेरिकेच्या सॅटमध्ये गणिताचे ४४ प्रश्न ७० मिनिटांत, म्हणजे ९५ सेकंद, आणि तिथे कॅल्क्युलेटर पडद्यावरच मिळतो. आपल्या एमएचटी-सीईटीत गणिताला १०८ सेकंद मिळतात, तर भौतिक-रसायनला ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे फक्त ५४ सेकंद. घरची सीईटी वेगाच्या बाबतीत लंडनच्या परीक्षेलाही मागे टाकते. ‘सीईटी काय, सोपी असते’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग अडचण कुठे येते? सवयीत. जेईईच्या तयारीत दोन वर्षं मुलगा लांबलचक प्रश्न सोडवतो. सूत्र लिहायचं, किमती घालायच्या, उत्तर काढायचं. ईसॅटचे बरेचसे प्रश्न सूत्रापर्यंत जाऊच देत नाहीत. एक उदाहरण मी इथे बनवून देतो. चेंडू काही उंचीवरून सोडला, जमिनीवर आपटून मूळ उंचीच्या ०.६४ पट वर आला. आपटण्याआधीचा वेग आणि आपटल्यानंतरचा वेग यांचं गुणोत्तर किती? क्लासचा मुलगा दोन्ही वेगांची सूत्रं मांडतो, वर्गमूळं घेतो, भागाकार करतो. उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते एवढं डोक्यात पक्कं असेल तर ०.६४ चं वर्गमूळ ०.८, म्हणजे गुणोत्तर ५ : ४, विषय संपला. वीस सेकंद पुरतात, आणि उरलेली एकोणसत्तर पुढच्या अवघड प्रश्नाला देता येतात.

दुसरी सवय प्रश्न सोडून देण्याची. जेईई मेनमध्ये बरोबरला ४, चुकलं तर वजा १. त्या वजा एकाची धास्ती इतकी की मुलं खात्री नसेल तर हातच लावत नाहीत. खरं तर चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरी पाव गुण हाती लागतो : एक चतुर्थांश वेळा ४, तीन चतुर्थांश वेळा वजा १. ईसॅटमध्ये तर चुकीचा दंडच नाही, सीईटीतही नाही. तिथे पाच प्रश्न कोरे ठेवून उठणं म्हणजे नुसता तोटा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात गमतीची वाटते. ‘गणित १’ हा भाग जवळजवळ आपल्या दहावीच्या पातळीचा आहे : गुणोत्तर, टक्केवारी, समरूप त्रिकोण, वर्तुळाची प्रमेयं, साधी संभाव्यता. जेईईच्या नादात हेच सगळ्यात आधी विसरलं जातं. राज्य मंडळाच्या मुलाकडे मात्र दहावीचं ‘गणित भाग २’, म्हणजे आख्खं भूमितीचं पुस्तक असतं. ते रद्दीत गेलं नसेल तर परत काढावं. सरावाला जुन्या पेपरांचाही तोटा नाही. ईसॅटच्या आधी केंब्रिजची स्वतःची अभियांत्रिकी चाचणी होती, एन्गा नावाची. २०१६ ते २०२३ या काळातले तिचे पेपर फुकट उपलब्ध आहेत.

अभ्यासापेक्षा मोठा पेच कॅलेंडरचा आहे. केंब्रिजचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जावा लागतो आणि केंब्रिजवाल्यांना ईसॅटही ऑक्टोबरच्या फेरीतच द्यावी लागते, तीही एकदाच. नाशिकच्या बारावीच्या मुलाचा ऑक्टोबर म्हणजे सहामाही आणि दिवाळी. जानेवारीत जेईई मेनची पहिली फेरी, फेब्रुवारीत बोर्ड. त्यातच अर्जासोबत शिक्षकांचं शिफारसपत्र आणि बारावीत किती गुण पडतील याचा कॉलेजने दिलेला अंदाज हवा. इथे आपली ‘इंटिग्रेटेड’ पद्धत अंगाशी येते. कॉलेजात फक्त नाव, अभ्यास सगळा क्लासमध्ये. राज्य सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी आणली ती याच कारणाने. ज्या सरांनी मुलाला प्रॅक्टिकलच्या वहीवर सही करतानाच पाहिलं, ते त्याच्या जिज्ञासेबद्दल पानभर काय लिहिणार? हे पत्र अकरावीतच कमवावं लागतं.

आणि जेईईतून सुटका म्हणून केंब्रिजकडे बघणाऱ्यांसाठी एक आकडा. भारतीय बारावी करणाऱ्यांकडून अभियांत्रिकीसाठी केंब्रिज सहसा जेईई अॅडव्हान्स्डमध्ये २,००० च्या आतला क्रमांक मागतं. २०२४ मध्ये ती परीक्षा १,८०,२०० जणांनी दिली. म्हणजे वरचा जवळपास एक टक्का. त्या क्रमांकाच्या मुलाला आयआयटीचं दारही उघडंच असतं.

तिथे मग पैशाचा हिशेब येतो. चाचणीची फी २०२४ मध्ये भारतातून १३० पौंड होती. पौंड ११० रुपये धरला तर १४,३०० रुपये, जेईई मेनच्या साधारण १,००० रुपयांसमोर. पण हे चिल्लर. केंब्रिजची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची शिकवणी फी २०२४ मध्ये अभियांत्रिकीला वर्षाला ४०,००० पौंडांच्या आसपास होती, म्हणजे ४४ लाख. चार वर्षांचे पावणेदोन कोटी, राहणं-खाणं वेगळं. तेवढ्यात गंगापूर रोडला ऐसपैस फ्लॅट येतो. आयआयटीत खुल्या गटाची शिकवणी फी २०१६ पासून वर्षाला २ लाख, चार वर्षांचे ८ लाख. शिष्यवृत्ती असेल तर गोष्ट वेगळी, नसेल तर कर्जाचा हप्ता मुलाच्या पहिल्या पगाराआधी दारात उभा राहतो.

उलट्या दिशेनेही वाहतूक चालू असते. वडील मस्कत किंवा दुबईत नोकरीला, आजी-आजोबा पंचवटीत, आणि मुलीला एनआयटीत जायचंय. तिच्यासाठी ‘दासा’ ही योजना. पूर्वी तिथे सॅटच्या विषयवार परीक्षांचे गुण चालत. अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाने २०२१ मध्ये त्या परीक्षाच बंद केल्या, तेव्हापासून जेईई मेनचा क्रमांक लागतो. म्हणजे आखातातल्या शाळेत शिकून तिलाही तेच १४४ सेकंद आणि तोच वजा एक. शिकवणी फी सत्राला ४,००० डॉलर, तर इथल्या खुल्या गटातल्या मुलाला एनआयटीत ६२,५०० रुपये. आखातात काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळा हिस्सा आहे आणि त्यात फी इथल्यासारखी लागते, म्हणून अर्जात गट निवडतानाच नीट पाहावं. आणि योजनेच्या साध्या अनिवासी गटात अकरावी-बारावी परदेशातच झालेली लागते. ‘दहावी झाली की नाशिकला आणू, इथे क्लास चांगले’ असा बेत असेल तर तिकिटं काढायच्या आधी नियमपुस्तिका वाचावी.