गुळाच्या मुलखात माशीला साखर

मिरजेच्या दक्षिणेला म्हैसाळपर्यंत कृष्णाकाठचा ऊस, पूर्वेला मालगाव, बेडग, आरगच्या बाजूला द्राक्षबागा आणि पानमळे. वर्षभर हिरव्या दिसणाऱ्या या पट्ट्यात मधमाशीची मात्र अनेकदा उपासमार होते. ऊस मकरंद देत नाही, द्राक्षाच्या फुलात तो जवळजवळ नसतोच. सूर्यफूल, करडई, डाळिंब, शेवगा, चिंच, बाभूळ यांवर तिची गुजराण चालते आणि हा फुलोरा सरला की पेटीतला साठा झपाट्याने उतरतो. पावसाळ्याचे आठवडे सर्वांत अवघड. साठा संपल्यावर सातेरी माशी वाट पाहत बसत नाही. राणीसकट सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते. म्हणून मधपाळ साखरेचा पाक देतो. गुऱ्हाळांच्या या मुलखात एक प्रश्न हमखास विचारला जातो: साखरच का, गूळ का नाही? माझं मत स्पष्ट आहे. माशीला द्यायची ती पांढरी साखर आणि स्वच्छ पाणी, दुसरं काही नाही. आणि तेही टंचाई सरेपर्यंतच.

गुळाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा असतो. गुळात लोह आहे, क्षार आहेत, तो कमी प्रक्रियेचा आहे. माणसाला साखरेपेक्षा बरा, मग माशीला का नको? पण माशी क्षार आणि प्रथिनं परागातून घेते. मकरंदातून तिला हवी असते ती ऊर्जा, आणि मकरंद म्हणजे मुख्यतः पाणी आणि साखर. मधात राखेचा अंश अगदी थोडा असतो. गुळात तो कितीतरी जास्त. हा न पचणारा भाग माशीच्या आतड्यात साठतो. निरोगी कामकरी माशी पेटीत विष्ठा टाकत नाही, त्यासाठी ती बाहेर उडते. झड लागली आणि बाहेर पडता आलं नाही की पोट फुगतं, हगवण लागते, चौकटींवर तपकिरी डाग दिसू लागतात. महाबळेश्वरच्या पावसात हा धोका फार मोठा. मिरजेत पाऊस कमी, उघडीप जास्त, त्यामुळे इथे गूळ देऊनही काही वसाहती तगतात, हे मान्य करायला हवं. पण तगल्या म्हणून ते अन्न योग्य ठरत नाही. गुऱ्हाळात रस निवळायला चुना पडतो, रंग उजळायला अनेक ठिकाणी हायड्रोस पडतो. ढेपेत नेमकं काय उतरलं आहे हे मधपाळाला कळायला मार्ग नाही. शिवाय गुळाचं पाणी लवकर आंबतं आणि त्याच्या वासाने मुंग्या व शेजारच्या पेट्यांतल्या माश्या धावून येतात. चांगला गूळ बऱ्याचदा साखरेहून महागच पडतो, तेव्हा बचतीचं कारणही उरत नाही.

पाक करण्याची रीत सोपी आहे, पण तिच्यातली प्रत्येक पायरी कशासाठी ते समजून घ्यावं. पाणी आधी उकळायचं, भांडं आचेवरून उतरवायचं आणि मगच साखर घालून ती पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं. साखर घातल्यावर पुन्हा आच नको. हा गुलाबजामाचा एकतारी पाक नव्हे. तळाला साखर करपली तर तो पाक फेकून द्यावा, कारण करपलेली साखर माशीला पचत नाही. एक लिटर पाण्याला एक किलो साखर घेतली तर साधारण 1.6 लिटर पाक होतो. मकरंदाच्या जवळ जाणारा हा पातळ पाक राणीची अंडी घालण्याची गती वाढवतो. साठा करायचा असेल तर एका लिटरला दोन किलो, म्हणजे माश्यांना कमी पाणी उडवावं लागतं. काही जण पाकात लिंबू पिळतात, साखर आधीच फुटून माशीचं काम हलकं होईल म्हणून. हेतू चांगला, उपाय चुकीचा. साखर फोडणारं विकर, इन्व्हर्टेज, माशीच्या ग्रंथींतच असतं. उलट आम्ल आणि उष्णता एकत्र आली की फ्रुक्टोजपासून एचएमएफ हे द्रव्य तयार होतं आणि ते माशीला घातक आहे.

पाक गार झाल्यावर तिन्हीसांजेला, माश्यांचं उडणं थांबल्यावर, पेटीच्या आत ठेवायचा. झाकणाला बारीक भोकं पाडलेली बरणी उपडी ठेवावी, नाहीतर करवंटीत पाक घालून वर काटक्या तरंगत ठेवाव्यात, म्हणजे माश्या बुडत नाहीत. रात्रीत संपेल तेवढाच द्यावा. उष्ण हवेत उरलेला पातळ पाक एक-दोन दिवसांत आंबू लागतो. सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी द्यावा, दार लहान करावं, थेंब बाहेर सांडू देऊ नये. दुबळ्या पेटीवर बलवान वसाहतीची धाड पडली तर सकाळी पाटावर मेलेल्या माश्यांचा सडा असतो, आणि ज्या पेटीला जगवायचं होतं तीच जाते.

सर्वांत गंभीर आक्षेप मधाच्या शुद्धतेचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. ऊस प्रकाशसंश्लेषण सी-4 पद्धतीने करतो, तर ज्यांच्या फुलांवर मध जमतो त्या बहुतेक वनस्पती सी-3. दोन्हींच्या कार्बनमध्ये समस्थानिकांचं प्रमाण वेगळं असतं, ते माशीच्या पोटातून गेल्यावरही बदलत नाही. म्हणून मधात उसाची साखर आली तर प्रयोगशाळेत ओळखू येते. भारतीय मानकात सी-4 साखरेची मर्यादा 7 टक्के आहे. मध साठवण्याची मधकोठी पेटीवर चढवलेली असताना पाक देणं ही भेसळच, मग ती माशीच्या हातून का होईना. टंचाईतला पाक वेगळा. तो अंडी-अळ्यांच्या, म्हणजे पिलाव्याच्या कक्षात जातो आणि तिथेच खर्च होतो. सगळ्यात उत्तम अन्न म्हणजे तिचाच मध, हेही खरं. काढणीच्या वेळी पिलाव्याच्या कक्षातला मध तिच्यासाठी सोडला तर पाकाची गरज बरीच घटेल, आणि शेवटची चौकट पिळून घेऊन वर साखर देणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही. पण बाजारातला किंवा दुसऱ्या पेटीतला अनोळखी मध कधीच देऊ नये. पिलावा कुजवणाऱ्या फाउलब्रूडचे बीजाणू मधात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पाकात पराग नसतो हेही ध्यानात ठेवावं, कारण नुसत्या साखरेवर पिलावा वाढत नाही. बांधावर शेवगा लावणं हे त्या बाबतीत पाकापेक्षा मोठं काम. थांबायचं कधी, ते चौकटच सांगते. पोळ्याच्या कडेला नवं पांढरं मेण दिसू लागलं आणि चौकट आडवी धरताच ताजा मकरंद ठिबकला, की त्या संध्याकाळी बरणी काढून घ्यायची आणि आधीचा पाक माश्यांनी खाऊन संपवल्यावरच मधकोठी चढवायची.