मसनवी, गझल, मर्सिया : हैदराबादेत शिकावेत असे वाङ्मयप्रकार

वाङ्मयप्रकार समजून घ्यायचे तर हैदराबादसारखी जागा नाही. 1591 साली हे शहर वसवणारा मुहम्मद कुली कुतुबशाह स्वतः दखनी भाषेचा मोठा कवी. गझला तर त्याने लिहिल्याच, शिवाय पाऊस, वसंत आणि सणांवर कविताही केल्या.

त्याच्याच दरबारातल्या मुल्ला वजहीने 1609 मध्ये 'कुतुब मुश्तरी' ही मसनवी रचली. मसनवीत प्रत्येक शेराच्या दोन ओळींचं यमक आपापसांत जुळतं आणि पुढच्या शेरात ते बदलतं. एकाच यमकाचं बंधन नसल्याने कवीला हजारो ओळींची गोष्ट सांगता येते. आपल्या ओवीतही यमक दर ओवीला बदलतं, म्हणून तीही मोठं कथन सहज पेलते. गझलेचं उलट. तिथे एकच काफिया, म्हणजे यमक, शेवटपर्यंत सांभाळायचा आणि प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र. म्हणून गझलेत सहसा गोष्ट नसते, भाव असतो. मराठीत ती माधव जूलियनांनी रुजवली आणि सुरेश भटांनी घराघरांत नेली.

मर्सिया मात्र रचनेवरून नव्हे, विषयावरून ओळखायचा. तो शोककाव्याचा प्रकार, मुख्यतः करबलाच्या लढाईतल्या हुतात्म्यांसाठी.

आणि गद्य? वजहीचंच 'सबरस' (1635) जरूर वाचा. त्यात अक्ल (बुद्धी), इश्क (प्रेम), दिल (हृदय), हुस्न (सौंदर्य) हीच पात्रं. रूपककथा म्हणजे काय, हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा या पुस्तकाने जास्त स्पष्ट केलं. भाषेची भीती नको; 'सबरस'ची दखनी मराठी वाचकाला कानावर पडताच ओळखीची वाटते. सुरुवात 'सबरस'पासून करा, मसनवी नंतर.