तोफेतून चंद्राकडे

अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 साली संपले. त्याच वर्षी ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने, युद्ध संपल्यामुळे हात रिकामे झालेल्या तोफा-तज्ज्ञांची एक कथा प्रसिद्ध केली. बाल्टिमोर शहरातील त्यांच्या मंडळात कोणाचा पाय लाकडी, तर कोणाच्या हाताच्या जागी लोखंडी आकडा. शांततेला कंटाळलेल्या या वीरांपुढे अध्यक्ष बार्बिकेन एके दिवशी योजना मांडतात, ती चंद्रावर गोळा डागण्याची!

मुलांनो, ही कल्पना ऐकून हसू येते. परंतु व्हर्न ती इतक्या गंभीरपणे मांडतो की, हसता हसता आपण हिशेब करू लागतो. फ्लॉरिडात जमिनीच्या पोटातच 900 फूट लांबीची तोफ ओतावयाची, गोळा अॅल्युमिनियमचा, वेग सेकंदाला 12,000 यार्ड, म्हणजे सुमारे 11 किलोमीटर. पृथ्वीच्या आकर्षणातून सुटण्यास लागणारा वेग खरोखरच जवळजवळ एवढा आहे. मग मिशेल आर्दां नावाचा एक फ्रेंच गृहस्थ ‘गोल गोळ्याऐवजी लांबट, टोकदार गोळा करा, मी आत बसतो’ असे कळवितो, आणि कथेत जीव येतो. बार्बिकेन आणि त्यांचे हाडवैरी कॅप्टन निकोल यांनाही तो बरोबर घेतो. गोळा सुटतो, आणि पहिला भाग तेथेच संपत येतो. प्रवाशांचे पुढे काय झाले, हे कळण्यासाठी वाचकांना चार वर्षे थांबावे लागले!

दुसऱ्या भागात तिघे चंद्राला वळसा घालून परततात व पॅसिफिक महासागरात पडतात. 1968 च्या डिसेंबरात ‘अपोलो 8’ हे यान तीन माणसांना घेऊन फ्लॉरिडातूनच निघाले, चंद्राभोवती फिरले आणि पॅसिफिकमध्येच उतरले.

आता उणिवा. व्हर्नला माहिती देण्याचा मोह आवरत नाही. तोफांचा इतिहास, चंद्राविषयीची जुनी मते यांत पाने खर्ची पडतात आणि कथा खोळंबते. खरे सांगायचे तर, काही प्रकरणे मीही भराभर उलटली आहेत. आर्दां सोडला, तर इतर पात्रांचे अंतरंगही फारसे उलगडत नाही.

एक चूक मात्र मोठी मौजेची आहे. प्रवासात वजन हळूहळू घटते आणि पृथ्वी व चंद्र यांचे ओढे सारखे होतात, तेवढ्याच ठिकाणी ते नाहीसे होते, असे व्हर्न दाखवितो. वस्तुतः गोळा हवेबाहेर पडला की, तो व प्रवासी एकाच ओढ्याने बरोबरच जात असतात. म्हणून तेव्हापासूनच प्रवासी तरंगू लागले पाहिजेत. याचा पुरावा कादंबरीतच आहे! वाटेत मेलेला एक कुत्रा प्रवासी बाहेर टाकतात, आणि त्याचे प्रेत मागे न पडता गोळ्याच्या सोबतीने चालत राहते. खिडकीबाहेर लेखकाला जे बरोबर दिसले, ते त्याने खिडकीच्या आत लावून पाहिले नाही.

सर्वांत घातक दोष तोफेचाच. 900 फुटांच्या नळीत एवढा वेग मिळवावयाचा, तर प्रत्येकाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे 20,000 पट दाब येईल. धक्का सोसण्यासाठी व्हर्नने तळाशी पाण्याची गादी ठेवली आहे. पण तिने काय होणार?

ट्रान्सिल्व्हेनियात वाढणाऱ्या हेर्मान ओबेर्थ या मुलाने ही कादंबरी तुमच्याच वयात वाचली. तिची त्याने इतकी पारायणे केली की, ती त्याला जवळजवळ पाठ झाली. पुढे त्याने हिशेब मांडला, तेव्हा तोफेतील प्रवासी चिरडून जातील, हे त्याच्या ध्यानी आले. वेग एकदम न देता हळूहळू वाढविता येईल, असे साधन तो शोधू लागला आणि त्याचे लक्ष अग्निबाणाकडे वळले. अग्निबाणाने ग्रहांकडे कसे जाता येईल, यावरील त्याचा ग्रंथ 1923 साली प्रसिद्ध झाला.