मोलकरणीची लेक आणि मंगळाची माती

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळ संस्थेची 'पर्सिव्हिअरन्स' ही गाडी मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरली. ती जिथे उतरली त्या जागेला पुढच्याच महिन्यात नाव देण्यात आले, 'ऑक्टेव्हिया ई. बटलर लँडिंग'. या बाई अंतराळवीर नव्हत्या, शास्त्रज्ञ नव्हत्या, कुठल्या राष्ट्राध्यक्षाच्या नातलगही नव्हत्या. त्या विज्ञानकथा लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय लेखिका होत्या. आणि त्यांची आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण होती.

गाडी मंगळावर उतरल्याची बातमी आपल्याकडे बहुतेकांनी वाचली. नावाची बातमी किती जणांपर्यंत पोहोचली, याची आम्हाला शंका आहे. म्हणून आज ऑक्टेव्हिया बटलर यांच्याविषयी लिहीत आहोत. नुसता गौरव करण्यासाठी नव्हे. माणसाने आकाशात जावे की आधी जमिनीवरची भूक मिटवावी, या जुन्या भांडणात त्यांनी जी भूमिका घेतली ती चळवळीच्या माणसाने समजून घ्यावी अशी आहे.

ऑक्टेव्हिया बटलर यांचा जन्म २२ जून १९४७ चा, कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावचा. वडील बूटपॉलिश करीत. ते लवकर गेले. आईचे शिक्षण जेमतेम. ती गोऱ्यांच्या घरी कामाला जाई तेव्हा मागच्या दाराने आत शिरे. लहानगी ऑक्टेव्हिया सोबत असे. आई समोर उभी असताना मालक मंडळी तिच्याविषयी असे बोलत, जणू ती तिथे नाहीच. हे त्या मुलीने डोळ्यांनी पाहिले. पण हीच आई मालकांनी टाकून दिलेली पुस्तके उचलून घरी आणी. त्याच पुस्तकांवर मुलगी वाढली. आपल्याला लेखक व्हायचे आहे असे तिने सांगितले तेव्हा मावशीने प्रेमानेच समजावले, की बाळ, आपल्यातली माणसे लेखक होत नसतात. वाचकहो, हे वाक्य आपल्या किती घरांत बोलले गेले असेल!

मुलीने ऐकले नाही. भांडी विसळली, फोनवरून माल विकला, कारखान्यात बटाट्याचे वेफर्स तपासले आणि मध्यरात्रीनंतर दोन वाजता उठून लिहिले. १९७६ साली पहिली कादंबरी आली. १९७९ साली 'किंड्रेड' आली. तिच्यात आजची कृष्णवर्णीय स्त्री गुलामगिरीच्या काळात ओढली जाते. १९९५ साली त्यांना प्रतिष्ठेची मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. विज्ञानकथा लिहिणाऱ्याला ती मिळण्याची ती पहिलीच वेळ. २४ फेब्रुवारी २००६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्या गेल्या.

आता यातली मेख पाहा. ज्या प्रयोगशाळेत मंगळावर जाणाऱ्या गाड्या तयार होतात, ती जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी याच पासाडेनाच्या डोंगरपायथ्याशी आहे. १९६५ साली 'मरिनर ४' या यानाने मंगळाची पहिली जवळची छायाचित्रे पाठवली, तेव्हा ऑक्टेव्हिया अठरा वर्षांची होती. एकाच परिसरात काही माणसे मंगळाची वाट आखत होती आणि काही माणसे मागच्या दाराने आत शिरून फरशी पुसत होती. आकाश आणि मागचे दार यांच्यातले अंतर बटलर यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

हे अंतर अमेरिकेत एकदा भर रस्त्यावर मोजले गेले. 'अपोलो ११' चे उड्डाण १६ जुलै १९६९ रोजी होते. आदल्या दिवशी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी रेव्हरंड राल्फ अ‍ॅबरनॅथी गरीब कुटुंबांचा मोर्चा घेऊन फ्लॉरिडातल्या उड्डाणतळावर पोहोचले. सोबत खेचरांच्या गाड्या होत्या. एकीकडे चंद्राकडे तोंड केलेला अग्निबाण, दुसरीकडे खेचराची गाडी! देशातल्या पाचव्या हिश्श्याला पुरेसे अन्न, वस्त्र, निवारा नाही, असे अ‍ॅबरनॅथींनी बजावले. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटले. उड्डाणाचे बटण न दाबल्याने गरिबी सुटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, असे म्हणाले. अ‍ॅबरनॅथींनी अंतराळवीरांच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना केली. मोर्चातल्या काही कुटुंबांना उड्डाण पाहायला जागाही मिळाली. बटण दाबले गेले. गरिबी जिथल्या तिथे राहिली.

हाच प्रश्न आमच्यापुढे २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आला. चांद्रयान ३ चंद्रावर उतरले तेव्हा आम्ही एका वस्तीत होतो. टीव्हीसमोर गर्दी होती. यान टेकताच पोरे नाचू लागली. त्यातला एक मात्र नाचेना. त्याचे वडील सफाई कामगार. तो म्हणाला, "चंद्रावर यंत्र उतरतं, मग गटारात माणूस का उतरतो?" दुसरा त्याच्यावर उखडला, "आज तरी रडू नकोस! हे विज्ञान आहे, आपण विज्ञानाच्या बाजूचे." दोघेही आमच्याकडे वळले, "सर, तुम्हीच सांगा." त्या दिवशी आम्ही गोलमोल बोलून वेळ मारून नेली. पहिल्या पोराचा प्रश्न खोटा नव्हता. गटारात मेलेल्या माणसाच्या वारसांना दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले होते. त्याच वर्षी, २०२३ च्या ऑक्टोबरात, ती रक्कम तीस लाख करावी लागली. म्हणजे मरण थांबले नव्हते. पण दुसऱ्याचेही चुकले नव्हते. विज्ञानाकडे पाठ फिरवून आपली मुक्ती नाही.

त्या दोघांना द्यायचे उत्तर आम्हाला पुढे बटलर यांच्या 'पॅरेबल ऑफ द सोअर' या १९९३ सालच्या कादंबरीत सापडले. कादंबरी सुरू होते २० जुलै २०२४ ला. पाणी पेट्रोलपेक्षा महाग झाले आहे, आगी लागत आहेत, भिंतीआड राहणारी माणसे भिंतीबाहेरच्या माणसांना भिऊन आहेत. पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी लॉरेन ओलामिना हे सारे वहीत टिपते. तिला दुसऱ्याचे दुखणे स्वतःच्या अंगात जाणवते. मंगळमोहिमेवर एक स्त्री अंतराळवीर मरण पावल्याची बातमी येते. घरातली मोठी माणसे म्हणतात, इथे पाण्याची मारामार, आणि हे मंगळावर पैसे उधळतात! चंद्र-मंगळाच्या मोहिमा बंद करू, असे सांगणारा एक उमेदवार राष्ट्राध्यक्ष होतो.

इथपर्यंत आपल्याला वाटते, बरोबरच आहे. पण पुढे वाचा. हाच उमेदवार जवळच्या अंतराळातले कामाचे प्रकल्प खासगी कंपन्यांना विकणार असतो. बेघरांना कामावर ठेवून खायला-राहायला देणाऱ्या मालकांसाठी किमान वेतनाचे आणि कामगार संरक्षणाचे कायदे बाजूला ठेवणार असतो. लवकरच समुद्रकाठचे ऑलिव्हार हे गाव एक कंपनी विकत घेते. नोकरी कंपनीची, घर कंपनीचे, दुकानही कंपनीचे. पगारापेक्षा देणे जास्त. कर्ज फिटत नाही आणि गाव सोडता येत नाही. आपल्याकडे याला वेठबिगारी म्हणतात. मोहिमा बंद करण्याच्या घोषणेने गरिबाच्या घरात पाण्याचा एक हंडाही वाढला नाही. त्याचे हक्क तेवढे गेले.

बटलर यांनी दाखवलेली गोम ही आहे. भाकरी की अग्निबाण, हा सवाल मांडणारा दरवेळी भाकरीच्या बाजूचा असतोच असे नाही. अग्निबाणाचा पैसा वाचवून तो भुकेल्याला देणार आहे का, हे आधी विचारले पाहिजे. आणि अग्निबाण उडवणारा तरी कोणाच्या जोरावर उडवतो, हेही. २० जुलै २०२१ रोजी अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस स्वतःच्या कंपनीच्या यानातून अंतराळाला शिवून आले आणि या सगळ्याचे पैसे तुम्हीच दिलेत, असे म्हणून त्यांनी अ‍ॅमेझॉनच्या कामगारांचे व ग्राहकांचे आभार मानले. एवढे सत्य फार थोडे मालक बोलतात. फरक एवढाच की पैसे देणारा कामगार खालीच राहिला.

लॉरेन मात्र मोहिमा बंद करा म्हणत नाही. माणसाने ताऱ्यांमध्ये रुजावे, हे ध्येय ती घराला आग लागून उघड्यावर पडलेल्या माणसांपुढे ठेवते. त्यात काळे आहेत, गोरे आहेत, मेक्सिकन आहेत, कर्जाच्या गुलामीतून पळालेल्या बाया आहेत. त्या आधी रस्त्यावर एकमेकांची राखण करायला शिकतात, मग शेती करायला, मग मुलांना शिकवायला. एवढे मोठे, एवढे लांबचे काम एकमेकांना मारून होत नाही, म्हणून ते ध्येय. 'बदल' हाच ईश्वर, असे लॉरेन मानते. आमच्या वाचकांना इथे अनित्यतेची आठवण होईल. दोन्ही विचार एक नव्हेत, पण बदल आपल्या हातांनी घडवावा लागतो हा आग्रह ओळखीचा वाटतो. बटलर लॉरेनलाही मखरात बसवत नाहीत. १९९८ साली आलेल्या दुसऱ्या भागात, 'पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स'मध्ये, लॉरेनची मुलगीच आईला जाब विचारते, की तू ताऱ्यांना निवडलेस, मला नाही.

आणि समजा, माणूस गेला दुसऱ्या ग्रहावर, तर काय घेऊन जाईल? १९८७ सालच्या 'डॉन' या कादंबरीत परग्रहावरचे जीव माणसाची तपासणी करतात. माणूस बुद्धिमान आहे आणि उतरंड रचणारा आहे, असे त्यांचे निदान आहे. उतरंडीची खोड जुनी, बुद्धी नवी. म्हणून बुद्धी उतरंडीची चाकरी करते. पुढच्या भागात माणसांना मंगळावर वसाहत करायला मिळते, पण ती तिथेही स्वतःचा नाश करतील, अशीच त्या जीवांची खात्री असते.

बाबासाहेबांच्या वाचकाला हे निदान नवे नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी केतकरांचा हवाला देऊन सांगितले होते, की हिंदू जगात इतरत्र गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. तो झाला. बटलर यांची शेवटची वर्षे सिॲटल परिसरात गेली. त्याच सिॲटलने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. अमेरिकेतल्या शहराने असे करण्याची ती पहिली वेळ. बटलर यांच्या जन्मराज्यात, कॅलिफोर्नियात, तसेच विधेयक विधिमंडळात मंजूर होऊनही त्याच वर्षी राज्यपालांनी नाकारले. समुद्र ओलांडताना सामानातून जात गेली, तर मंगळावर जाताना ती मागे राहील, असे कोण छातीठोक सांगेल?

नावाचेही असेच आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी ८१ वर्षांची लॉरेन ताऱ्यांकडे जाणाऱ्या जहाजाकडे माणसे निघालेली पाहते. स्वप्न पुरे होते. पण जहाजाला नाव दिलेले असते 'ख्रिस्तोफर कोलंबस'! गुलाम आणि सोने लुटायला निघालेल्याचे नाव तिला खटकते आणि ती तसे नोंदवून ठेवते. विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत लढलेल्या, घरेदारे जाळून घेतलेल्या समाजाला हे खटकणे समजावून सांगायला नको. नावात काय आहे, असे तोच विचारतो, ज्याचे नाव आधीच पाटीवर आहे. चांद्रयान ३ च्या जागेला 'शिवशक्ती' हे नाव मिळाले. मंगळावर मात्र एका मोलकरणीच्या लेकीचे नाव आहे. दोन्ही यानांचे तंत्र थोर, पण नावे समाजाचे मन सांगतात.

नाव दिले म्हणून अमेरिका सुधारली, असे आम्ही म्हणणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये पासाडेनालगतचे अल्टाडेना आगीत होरपळले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने कृष्णवर्णीयांनी उभी केलेली घरे त्यात गेली. त्याच अल्टाडेनात बटलर यांचे दफन झालेले आहे. १९९३ साली लिहिलेल्या लॉरेनच्या वहीत आगीची एक नोंद १ फेब्रुवारी २०२५ ची आहे. हे भविष्य सांगणे नव्हे. चालू असलेली वाट कुठे जाते ते डोळे उघडे ठेवून पाहणे आहे.

म्हणून त्या दोन पोरांना आज आम्ही सांगू, की तुम्ही दोघेही बरोबर आहात, फक्त एकमेकांशी भांडू नका. यान उतरले याचा आनंद करा, कारण बुद्धी कोणाच्या बापाची नाही आणि आकाशही नाही. आणि गटारात माणूस का उतरतो, हा प्रश्न त्याच आनंदाच्या तोंडावर विचारा, कारण चंद्रावर यंत्र उतरवणाऱ्या देशाला गटारात यंत्र उतरवता येत नाही, हे आता कोणी ऐकून घेणार नाही. तिथे तंत्र अडलेले नाही, उतरंड अडवून बसली आहे.

आणखी एक. मराठीत जयंत नारळीकरांसारख्यांनी विज्ञानकथा मोठी केली. पण उद्याच्या त्या जगात आपली वस्ती कुठे असेल, आपली आई पुढच्या दाराने आत जाईल की मागच्या, हे आपल्या लेकींनीच लिहायचे आहे. आपल्यातली माणसे लेखक होत नसतात, असे कोणी प्रेमाने समजावील. त्याला मंगळावरच्या त्या जागेचे नाव सांगा.