ट्रंकेतले कागद रद्दीत घालू नका!

रापणकार बांधवांनो, ही गोष्ट वाचा आणि मगच रद्दीवाल्याला हाक मारा.

दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. फरक फक्त ५ मतांचा! १९०७ साली मायदेशी परतले ते मुंबईजवळ वेसाव्याला, कोळ्यांच्या गावी, दर्याकाठी राहिले. १९१७ साली ते गेले, पण कागद उरले. सुमारे ३०,००० कागद आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात पुढाऱ्यांचा पत्रव्यवहार आहेच, शिवाय साध्या माणसांनी मदतीसाठी लिहिलेली पत्रं आणि पावत्यासुद्धा आहेत. पुढाऱ्याचं भाषण कुठेतरी छापलं जातं. गरिबाचं गाऱ्हाणं मात्र असं कुणी जपलं तरच टिकतं.

आपलंही तसंच. ट्रॉलर किनाऱ्याजवळ नकोत म्हणून आपल्या वाडवडलांनी १९७०च्या दशकात मोर्चे काढले, निवेदनं दिली. १९८० साली गोव्यात सागरी मासेमारी नियमन कायदा झाला, तो काय फुकट मिळाला?

आमदाराला दिलेल्या निवेदनाची प्रत, पोच, सोसायटीचा जुना ठराव, घरात काहीही सापडलं तर ऑफिसात घेऊन या. फोटो काढून मूळ कागद लगेच परत देऊ. उद्या हक्क सांगताना तोच कागद कामी येईल.