आजीच्या अंगणातील कारागिरी

बार्शीहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळ्या कसदार जमिनीच्या पट्ट्यात वसलेले वैराग हे गाव धान्याच्या उलाढालीची पेठ म्हणून पंचक्रोशीला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, पुढे ती एकीकडे लातूरपर्यंत आणि १९२७ साली दुसरीकडे मिरजेपर्यंत जाऊन पोहोचली. परंतु वैराग त्या मार्गावर नसल्याने येथील माणसांचे जाणेयेणे आधी बैलगाडीच्या आणि नंतर एस.टी.च्या भरवशावर चालले. पोटापाण्याच्या उद्योगासाठी पूर्वी सोलापूर-मुंबईच्या गिरण्यांत आणि अलीकडे पुणे, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत व कचेऱ्यांत गेलेल्या लेकालेकींची मुले दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुटीत याच रस्त्याने आजी-आजोबांच्या घरी मुक्कामाला येतात. त्या मुक्कामात मुलांचे खाणेपिणे, लाडकोड आणि नवे कपडे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण त्यांच्या हातांना तेथे जे शिक्षण मिळते त्याची नोंद फारशी कोणी घेत नाही, आणि मला ती घ्यावीशी वाटते.

शहरात आज मुलांच्या छंदांची तजवीज रीतसर केली जाते; चित्रकलेचा वर्ग, मातीकामाचा वर्ग, त्याचे शुल्क, त्याची वेळ, आणि वर्ग संपला की हात धुऊन घरी परत. या वर्गांचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु लहान मुलाचा हात ज्या दोन गोष्टींनी खऱ्या अर्थाने उघडतो, त्यांपैकी एक म्हणजे घरच्या खऱ्या कामात मिळालेला वाटा, आणि दुसरी म्हणजे शेजारी बसलेले, घड्याळाकडे न पाहणारे वडीलधारे माणूस. आणि या दोहोंची एकत्र गाठ जितक्या सहजपणे आजी-आजोबांच्या घरी पडते तितकी ती अन्यत्र पडताना मी पाहिलेली नाही.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण दिवाळीतच सापडते. सोलापूर जिल्ह्यात आणि आसपासच्या मुलखात वसुबारसेपासून किंवा नरक चतुर्दशीपासून दारापुढे शेणाच्या गवळणी मांडण्याची वहिवाट आहे. सकाळी गोठ्यातले ताजे शेण पाटीभर आणायचे, सारवलेल्या अंगणाच्या एका कोपऱ्यात बसायचे, आणि वीतभर उंचीच्या आकृती घडवायच्या. डोक्यावर घागर घेतलेली गवळण, ताक घुसळणारी गवळण, जात्यावर दळायला बसलेली सासुरवाशीण, गाई-वासरे, त्यांना राखणारा कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या असा सारा गोकुळाचा संसार त्या कोपऱ्यात उभा राहतो. पाडव्याला त्यांच्याच पंगतीत बळीराजा किंवा पांडव येऊन बसतात. कुर्डूचे तुरे, झेंडूच्या पाकळ्या, कारळ्याची पिवळी फुले, ज्वारीचे दाणे, हळदकुंकू, हेच काय ते अलंकार. रोज मांडणी नवी, आणि रोज तिच्यात एखादे पात्र वाढलेले.

या कामात वयाप्रमाणे वाटणी आपोआप होते. अडीच-तीन वर्षांचे मूल शेणाचे गोळे करते. त्याचा गोळा ओबडधोबड असला तरी आजी त्याला चुलीचा दगड म्हणून जागा देते. पाच-सहा वर्षांची नात फुले खोचते. त्याहून मोठ्या नातवाला जात्याचा खुंटा जमतो, गाईची शिंगे जमतात, आणि मग तो म्हणतो, “आज्जी, उद्या किस्ना मीच करणार की!” पुण्याहून आलेले मूल पहिल्या दिवशी शेणाला हात लावायला बिचकते, हे खरे, पण आजी त्याला उपदेश करीत नाही, ती स्वतःचे काम करीत राहते, आणि मूल हळूहळू जवळ सरकते. मूर्ती कशी घडवावी याचा एकही पाठ न देता ते मूल त्या चार-सहा दिवसांत प्रमाण शिकते, तोल शिकते, ओल्या पदार्थाचा स्वभाव शिकते. शेण पातळ असले तर आकृती बसते, म्हणून त्यात थोडा बारीक भुसा मिसळायचा. घागर मोठी झाली तर गवळण मागे झुकते, म्हणून पाठीशी आधार ठेवायचा. हे शिल्पशास्त्राचेच आरंभीचे नियम होत.

दिवाळी सरल्यावर या आकृती वाया जात नाहीत. पुष्कळ घरांत त्या वाळवून ठेवतात आणि माघातल्या रथसप्तमीला अंगणात त्यांच्यावर दूध तापवून ते उतू जाऊ देतात. मुले तोवर परत गेलेली असतात; तरी आजी फोनवर आवर्जून सांगते की तुझ्या गाईवर दूध उतू घातले बरे. आपण घडविलेल्या वस्तूचा घराच्या आचारात उपयोग झाला हे कळल्याने मुलाला जो आत्मविश्वास येतो, तो कोणत्याही प्रशस्तिपत्रकाने येणारा नव्हे.

उन्हाळ्याच्या मुक्कामात साहित्य बदलते. हा मुलूख रब्बी ज्वारीचा. शेजारच्या मोहोळ येथील संशोधन केंद्रातूनच मालदांडी ३५-१ हा प्रसिद्ध वाण निघाला. माघ-फाल्गुनात काढणी झाली की कडब्याच्या गंजी उभ्या राहतात, आणि त्या कडब्यात नातवंडांसाठी खेळण्यांचे अक्षय भांडार असते. धाटाची चिवट साल सोलून तिच्या पट्ट्या करायच्या, आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे पाडायचे, आणि सालीच्या टोकदार काड्या भेंडात खुपसून सांधे जुळवायचे, एवढ्या कृतीने चाके, जू आणि साटे असलेली बैलगाडी तयार होते. खिळा नाही, डिंक नाही, पैसाही नाही. आजोबांच्या हातची ही गाडी वजनाला हलकी पण बांधणीला पक्की असते. आणि नातवाने केलेली पहिली गाडी मोडली तरी गंजीत धाटांची वाण नसते, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. विकतचे साहित्य मोजके असते, म्हणून मुलाला चूक करायला वाव राहत नाही.

मातीकामाला येथे एक अडचण आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसून तडकते. पावसाअभावी शेताला भेगा पडतात त्याच कारणाने मुलाने केलेला मातीचा बैलही तडकतो. म्हणून जाणती माणसे तिच्यात चाळलेली राख किंवा लीद मिसळतात आणि बैल उन्हात न ठेवता सावलीत वाळवतात. आपल्या शिवाराची माती मुलाला अशी हाताने कळते.

हाताशी असलेल्या वस्तूंतून मूल शिकते, हे मर्म ताराबाई मोडक यांनी फार पूर्वी ओळखले होते. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले, आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा निश्चय होता. आणि मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, सबब बिया, खडे, पाने, माती यांतूनच त्यांनी शिक्षणाची साधने उभी केली. वैरागच्या एखाद्या आजीने ताराबाईंचे नाव ऐकलेले नसेल, परंतु तिच्या अंगणात तेच शास्त्र नांदत असते.

आता एक निराळी हकीकत. अलीकडे नातवंडे आजीकडे येण्यापेक्षा आजीच नातवंडांकडे जाण्याचे प्रमाण वाढले आहे. आई-बाप दोघेही नोकरीला, मूल लहान, म्हणून आजीला पुण्याला बोलावून घेतात. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर जी एस.टी. प्रथम धावली, तिने या प्रवासाला मोठाच हातभार लावला आहे: ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना राज्यात विनामूल्य प्रवास, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना निम्मे भाडे, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे. ज्वारीचे पीठ, शेंगांची चटणी, कडक भाकरी यांचे बोचके घेऊन आजी चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत पोहोचते. तेथे अंगण नाही, गोठा नाही, गंज नाही. दुपारी मूल रडू लागले की हाताशी मोबाइल तेवढा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की दोन ते चार वर्षांच्या मुलांपुढे पडदा दिवसाकाठी तासाभरापेक्षा अधिक नसावा आणि वर्षभराच्या मुलापुढे तो मुळीच नसावा. पण नुसत्या मनाईने दुपार सरत नाही, तिला पर्यायी काम लागते.

तसे एक काम आजीबरोबर सहज प्रवास करू शकते, ते म्हणजे वाकळ शिवणे. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली नऊवारी लुगडी आणि धोतरे यांचे थर जमिनीवर पसरायचे, कडेने टाचून घ्यायचे, वर रंगीत ठिगळांची मांडणी करायची, आणि काठापासून आत येत धावदोऱ्याने सारे थर एकजीव करायचे. आजीची नजर मंदावलेली असते, म्हणून सुईत दोरा ओवण्याचा मान नातवाचा. आणि तो मान पोकळ नाही, कारण त्याने दोरा ओवल्यावाचून काम खरोखरच पुढे जात नाही. कोणत्या ठिगळाशेजारी कोणते शोभेल हे नातीने ठरवायचे. हे आईच्या डोहाळजेवणाचे लुगडे, हा आबांचा पटका, हे तुझ्या बाळपणीचे झबले, असे सांगत आजी टाके घालते, तेव्हा घराण्याचे सारे दप्तर त्या मुलांपुढे उलगडते. सात-आठ वर्षांचे मूल देखरेखीखाली स्वतः टाके घालू लागते. ते वाकडे पडतात, आणि आजीने ते उसवू नयेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वाकळ कित्येक दुपारी चालते, मध्येच गुंडाळून ठेवता येते, आणि सुटीत वैरागला परत नेऊन तेथे पुढे शिवता येते.

आई-बापांना एवढेच सुचवावेसे वाटते की त्यांनी दिवाळीची रजा काढताना लक्ष्मीपूजनाच्या दिवशी धावतपळत गावी पोहोचून भाऊबिजेला परतण्याचा शिरस्ता मोडावा आणि शक्य झाल्यास वसुबारसेलाच मुलांना आजीच्या हवाली करावे; त्यांच्या कपड्यांत दोन जुने, मळले तरी चालतील असे सदरे ठेवावेत; आणि कपाटे आवरताना जुनी सुती लुगडी भांडीवालीला न देता बाजूला काढून ठेवावीत, कारण कृत्रिम धाग्याच्या साड्यांची वाकळ तितकी ऊबदार होत नाही आणि सुईही तिच्यात नीट चालत नाही.