जुन्या घरांतील गुप्त दोष व दप्तरांचा नाश
(आमगांव परिसरास अनुलक्षून)

जुनें घर दुरुस्तीस काढलें म्हणजे त्याचे जे दोष बाहेरून दिसत नव्हते ते एकामागून एक उघडे पडूं लागतात. रंगविलेल्या तुळईचें टोंक पोकळ निघतें, कोरड्या दिसणाऱ्या भिंतीच्या पोटांत ओल सांपडते, खांबाखालचा तळखडा एका बाजूस खचलेला आढळतो. घरमालकास हा खर्चाचा विषय वाटतो, गवंड्यास कामाचा. परंतु जुन्या कागदांच्या संग्राहकानेंही त्यांत लक्ष घातलें पाहिजे. कारण ज्या वाटेनें पाणी व वाळवी तुळईपर्यंत पोंचतात त्याच वाटेनें तीं दप्तरापर्यंतही पोंचतात. घराचे दोष ज्यास वाचतां येतात त्यास कागद कोठें शाबूत असतील व कोठें नसतील याचा अंदाज भिंत फोडण्यापूर्वींच बांधतां येतो. प्रस्तुत लेखांत आमगांव व आसपासचीं जुनीं मातीचीं घरें डोळ्यांपुढें ठेवून हा विषय मांडला आहे.

आमगांव हें मुंबई-हावडा लोहमार्गावरील तालुक्याचें गांव. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाला, तत्पूर्वीं तें भंडारा जिल्ह्यांत होतें. जवळच्या पदमपूर या गांवामुळें संशोधकांस हा भाग परिचित आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं भवभूतीचें जन्मग्राम पद्मपुर तें हेंच, असें प्रतिपादन केलें. तेव्हांच्या दुर्ग जिल्ह्यांतील मोहल्ला येथें मिळालेल्या अपूर्ण वाकाटक ताम्रपटांतही पद्मपुराचें नांव आहे. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांतील दुसरा पृथिवीषेण याचे ताम्रपट तर रानांत झाडास टांगलेले सांपडले. तांबें झाडावर लोंबत राहिलें तरी टिकतें. कागदास छप्पर लागतें, आणि तें छप्परच येथें प्रथम दगा देतें.

या भागांतील कागद ताम्रपटांइतके जुने नाहींत, पण त्यांचें मोल कमी नाहीं. आमगांव ही भंडारा जिल्ह्यांतील जमीनदाऱ्यांपैकीं एक. शेजारच्या कामठ्यास इ. स. १८१८ मध्यें चिमणा पटेलानें इंग्रजांविरुद्ध उठाव केला. इ. स. १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झालें. पुढें पटेल व ठेकेदार यांस मालगुजार म्हणून मालकी मिळाली, आणि ही सर्व व्यवस्था ३१ मार्च १९५१ रोजीं संपुष्टांत आली. एवढ्या उलथापालथींत जमीन, जंगल, निस्तार व तलावांचें पाणी यांविषयींचे करार, वसुलीच्या वह्या व पत्रव्यवहार घरोघरीं सांठला. माजी मालगुजारी तलावांस लोक आजही 'मामा तलाव' म्हणतात. कोणत्या बांधीस कोणत्या पाटानें पाणी मिळे याचें उत्तर पुष्कळदां सरकारी दप्तराइतकेंच घरांतल्या गाठोड्यांतही असतें. प्रदेश मराठी व हिंदी यांच्या सीमेवरचा असल्यानें मोडी व नागरी कागद एकाच रुमालांत बांधलेले आढळल्यास आश्चर्य मानूं नये.

आतां दोषांकडे वळूं. येथें वर्षास सुमारें ५० इंच पाऊस पडतो, व तो बहुतेक चार महिन्यांत. घरें कवेलूंचीं, भिंती मातीच्या अथवा कच्च्या विटांच्या. कवेलू माकडांनीं सरकविलें किंवा दोन उतार मिळतात त्या खोंचेंत पालापाचोळा तुंबला कीं पाणी आंत शिरतें. तें सरळ खालीं गळालें तर घरांतल्या माणसास कळतें. परंतु बहुधा तें वांशावरून ओघळत भिंतीच्या माथ्यावर जातें व मयालीचें जें टोंक भिंतींत गाडलेलें असतें तेथें मुरतें. टोंक सर्व बाजूंनीं मातींत कोंडलेलें असल्यानें वाळत नाहीं. मधला भाग ठणठणीत, टोंक मात्र भुशासारखें, असें लांकूड यामुळें निघतें. दप्तराचीं गाठोडीं उंदरांपासून वांचविण्यासाठीं माळ्यावर, भिंतीच्या माथ्यालगत ठेवण्याचा प्रघात असे. म्हणजे नेमकें तेथेंच.

याहून वाईट दोष आपल्याच काळांत उत्पन्न झाला आहे. मातीची भिंत पाणी शोषते आणि परत सोडते. तिजवर सिमेंटचा गिलावा चढविला कीं बारीक भेगांतून आंत गेलेल्या पाण्यास बाहेर येण्याची वाट राहत नाहीं. बाहेरून भिंत गुळगुळीत व नवी दिसते, आंत माती लगदा होते, गिलाव्यामागें लोणा धरतो, आणि एके दिवशीं मोठा पापुद्रा सुटून पडतो. अशा भिंतींतील बुजविलेल्या कोनाड्यांत कागद असल्यास त्यांची आशा थोडी. त्याच घराची जी भिंत केवळ शेणमातीनें सारवलेली राहिली असेल तिच्याकडे प्रथम वळावें. गरिबीनें जेवढे कागद राखले तेवढे हौसेनें राखले नाहींत, असें कधीं कधीं वाटतें.

वाळवीविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. वाळवीस उजेड व कोरडी हवा सोसत नाहीं. म्हणून ती जमिनींतून निघते व मातीच्या झांकलेल्या नळ्यांतून वर चढते. मातीच्या भिंतींत तिला निराळी नळी करण्याचेंही कारण पडत नाहीं, कारण भिंतीच्या मातींत मळलेलें भाताचें तणस हेंच तिचें अन्न असतें. सागाचा गाभा ती सहसा टाळते. बाहेरचा फिकट भाग मात्र सोडीत नाहीं. चांगला सुतार हा भाग तासून टाकी. मागाहून केलेल्या दुरुस्तींत तो तसाच राहूं दिलेला दिसतो, आणि वाळवी तेथून प्रवेश करते. लांकडाचें बाहेरचें कवच ती कायम ठेवते. म्हणून तुळई डोळ्यांनीं न पाहतां ठोकून पाहावी. भरीव लांकूड खणखणतें, पोखरलेलें बद्द वाजतें. टोंच्या घातला असतां तो सहज आंत जातो.

कागदाच्या गाठोड्याची स्थिति हुबेहूब अशीच होते. लांकूड काय आणि कागद काय, दोहोंचें मूलद्रव्य एकच. पेटी जमिनीवर टेकलेली असेल तर वाळवी तळांतून शिरते, व रुमालाचें वरचें कापड व वरचे चार बंद शाबूत राहून आंत केवळ माती भरलेली सांपडते. याउलट पेटी दगडी तिवईवर, भिंतीपासून हातभर दूर असेल तर शेजारची तुळई नष्ट झाली तरी कागद राहतात. दुसरे कीटक निराळे. हातकागदास जी खळ लावून घोटीत, ती कसरीस आवडते. कसर पानाचा पृष्ठभाग खरवडते. आपल्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. पोथीस हरताळ फासण्यांत अशुद्धाची दुरुस्ती व किडीचा बंदोबस्त हे दोन्ही हेतु साधत, कारण हरताळ हें सोमलाचें संयुग होय. यास्तव पिवळीं पानें हाताळल्यावर हात धुवावे.

पायाचा दोष भूमीवर अवलंबून असतो. कन्हार म्हणजे काळी चिकण जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिजवरील भिंतीस दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा जातात. या चिरा वारंवार लिंपलेल्या असतात. एकाच जागीं निरनिराळ्या रंगाच्या लिंपणाचे थर दिसले तर तेथें पाया अद्याप हालत आहे असें समजावें. मात्र सरळ कडांचा चौकोनी थर दिसला तर ती चीर नव्हे, बुजविलेला कोनाडा होय. हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. बळद व तळघर यांचीं बुजविलेलीं तोंडेंही अशींच ओळखतां येतात.

पोकळ भिंत हा मात्र प्राणावर बेतणारा दोष आहे. दगडी भिंत दोन थरांची असून मध्यें नुसती भर असेल, आणि दोन्ही थर बांधणारे आरपार दगड घातलेले नसतील, तर बाहेरून त्याचा पत्ता लागत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपांत लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें ८,००० माणसें दगावलीं, त्यास अशा भिंती व त्यांवरील मातीचें जड छत हें प्रमुख कारण झालें. आमगांवाकडे कवेलूंचें छप्पर हलकें, हें सुदैव. तथापि भिंतींत कागद आहेत या समजुतीनें ती तळाशीं पोखरणें हा आत्मघात आहे. प्रथम वरचा भार टेकूंवर घ्यावा, मग वरून खालीं उतरावें.

कागद हातीं लागल्यावर होणारी हानि भिंतींतल्या हानीपेक्षां कमी नसते. ओले कागद उन्हांत टाकूं नयेत. ते कडक होऊन वळतात. सावलींत, हवेशीर जागीं, टीपकागदांच्या मध्यें सावकाश वाळवावे. जुनी शाई बहुधा काजळ व डिंक यांची. ती उजेडानें फिकी होत नाहीं, पण पाण्यानें पसरते, म्हणून ओल्या फडक्यानें माती पुसण्याचा मोह आवरावा. चिकटलेले बंद ओढून सोडवूं नयेत. गाठोडें सोडण्यापूर्वीं तें कोणत्या खोलींत, कोणत्या भिंतींत, जमिनीपासून किती उंचीवर होतें हें लिहून ठेवावें व छायाचित्र घ्यावें. घराच्या कोणत्या वाटणींतून कागद आला यावरून पुष्कळदां तो कोणाचा हें ठरतें, आणि ती खूण भिंतीबरोबर कायमची जाते. वाळवीनें भरलेली मातीही चाळल्यावांचून फेंकूं नये. तींत शिक्के व लाखेचे तुकडे मिळण्याचा संभव असतो.

कायद्याची बाब संग्राहक बहुधा विसरतात. इ. स. १८७८ चा निखात निधि अधिनियम केवळ जमिनींत पुरलेल्या वस्तूंस लागू नाहीं; जमिनीस जखडलेल्या वस्तूंत, अर्थात् भिंतींत, दडविलेल्या मोलवान वस्तूंसही लागू आहे, व दहा रुपयांवरील किंमतीची वस्तु सांपडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें सांपडणाराचें कर्तव्य आहे. इ. स. १९७२ च्या पुरावस्तूंविषयींच्या कायद्यान्वयें ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाचें हस्तलिखित ७५ वर्षांचें झालें कीं पुरावस्तु ठरतें. इतर वस्तूंस ही मर्यादा १०० वर्षांची आहे. याचा अर्थ असा कीं, मालगुजारी संपली त्या १९५१ सालापर्यंतचे या भागांतील महत्त्वाचे कागद आतां या व्याख्येंत येऊं लागले आहेत. पुरावस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं. कवेलू उतरविण्याचें काम सामान्यतः पावसाळ्यापूर्वीं, चैत्र-वैशाखांत निघतें. संग्राहकानें घरमालकाची भेट माघ-फाल्गुनांतच घेतली पाहिजे.